वाडा पाहायला आलेली माणसं

पुण्यात इतिहासावर बोलणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. ना. वि. जोशी यांचं ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ सालचं. पेशवाई जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती आणि शेवटच्या बाजीरावाची स्वारी लहानपणी पाहिलेली म्हातारी माणसं अजून ओसरीवर बसून होती. १८७५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १९१०मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. मंडळाच्या पाक्षिक सभांत एकेका कागदाची, एकेका तिथीची चिरफाड होऊ लागली. १९४०च्या दशकात मंडळानंच ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या नावानं शहराच्या माहितीचे खंड काढायला घेतले. एवढी शिदोरी फार थोड्या शहरांकडे असेल.

फक्त हे सगळं बसून चालायचं. वक्ते व्यासपीठावर, श्रोते सतरंजीवर, नंतर खुर्च्यांवर. ज्या वाड्यातल्या खलबतांवर सभागृहात दीड तास खल झाला तो वाडा दोन गल्ल्या पलीकडे टेकू लावून उभा असायचा, आणि त्याची कौलं यंदा कोण चाळणार हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत बसत नसे. पुण्यानं आपला इतिहास कागदावर जितक्या निगुतीनं सांभाळला तितका दगड-विटांत सांभाळला नाही, असं माझं जुनं मत आहे. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी चटकन हो म्हटलं ते त्यामुळेच. यातले बहुतेक लेखक पेठांतून पायी फिरलेले आणि इतरांना फिरवणारे आहेत. त्यांच्या लिखाणात सनावळ्या कमी आणि उंबरे जास्त आहेत.

वारसा फेरी, म्हणजे रोजच्या बोलण्यातला हेरिटेज वॉक, ही चाल आपल्याकडे अलीकडची. १८ एप्रिल हा दिवस स्मारकांसाठी पाळावा ही सूचना १९८२ची, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोनं ती उचलली. नोव्हेंबरात १९ ते २५ तारखेपर्यंत जागतिक वारसा सप्ताह असतो. वारसा जपण्यासाठी इन्टॅक ही संस्था दिल्लीत १९८४ साली निघाली आणि तिच्या शाखा गावोगावी पसरल्या. पण ज्याला शहरानं आपला मानलेला फेरफटका म्हणता येईल तो प्रथम अहमदाबादनं घातला. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या महापालिकेनं कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून पोळांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मोहल्ल्यांच्या, बोळांमधून जामा मशिदीपर्यंत जाणारी सकाळची फेरी सुरू केली. वर्षातून एकदा हार-तुरे घालून करायचा हा सोहळा नव्हता. रोज सकाळी निघणारी ती साधी फेरी होती. वीस वर्षांनी, २०१७मध्ये, अहमदाबादचं जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं, भारतातलं पहिलंच. यादीत जाण्यामागे शंभर कारणं असतात, तरी ज्या शहराला आपल्या बोळांतून परक्याला फिरवायची लाज वाटत नाही त्याचं पारडं जड होतं एवढं नक्की.

पुण्यातही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे रुजलं. महापालिकेचा हेरिटेज विभाग, वास्तुशास्त्राची महाविद्यालयं, इतिहासप्रेमींचे गट, गणेश मंडळं, आणि अलीकडे समाजमाध्यमांवर जमलेली तरुण मंडळी, सगळेच फेऱ्या काढतात. रविवारी सकाळी सातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी टोप्या घातलेला, पाण्याच्या बाटल्या मिरवणारा घोळका दिसला की समजावं. साधारण मार्गही ठरून गेला आहे: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, मग मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, आणि शेवटी कुठेतरी मिसळ.

या मार्गाविषयी माझी थोडी कुरबुर आहे, ती इथेच करून टाकतो. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, आणि १८२८च्या आगीत आतला वाडा जळाला. आज आपण पाहतो ती तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि जोती. म्हणजे पुण्यातल्या ज्या वास्तूचे सर्वांत जास्त फोटो निघतात तिच्यात वास्तू म्हणून सर्वांत कमी शिल्लक आहे. लाल महाल तर १९८०च्या दशकात महापालिकेनं बांधलेला. तिथे उभं राहून शायिस्तेखानाची बोटं सांगायला काहीच हरकत नाही, प्रसंग याच परिसरातला आहे, पण समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगू नये. फेरी काढणाऱ्यानं कुठली वीट कधीची हे सांगायचं टाळलं की ऐकणाऱ्याला सगळंच सारखं जुनं वाटतं, आणि मग खरंच जुनं असलेलं पाडताना त्याला काही वाटेनासं होतं.

दुसरी कुरबुर पेशव्यांबद्दल. म्हणजे पेशव्यांबद्दल नव्हे, त्यांच्याखेरीज दुसरं काही न सांगण्याबद्दल. कसब्याची वस्ती पेशव्यांच्या कितीतरी आधीची. वारांच्या पेठांपैकी काहींना जुनी नावं होती. शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, शुक्रवार पेठ ही विसापूर. लष्कर भागात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६०च्या दशकातलं. आणि मंडई. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. या इमारतीवर एवढा पैसा ओतण्याला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी तो नोंदवला होता, त्यांचं म्हणणं पैसा शिक्षणाला लावा. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि रे मार्केटला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, मेथीच्या जुड्या आणि लिंबांच्या ढिगांमध्ये उभं राहून ही गोष्ट ऐकली की शहर म्हणजे काय चीज असते ते कळतं. कुठल्याही व्याख्यानात हा मासला असा लागू पडणार नाही.

या पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण हौदांचं आहे. त्यावर जरा रेंगाळतो, कारण पायी फिरण्यानं काय साधतं ते इथे नीट दिसतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळानं शहरात पाणी आणलं गेलं. सात-आठ किलोमीटरचं हे अंतर पाणी उतारानंच कापत होतं, ना पंप, ना रहाट. नळात हवा कोंडू नये, गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर दगडी उच्छ्वास उभे केले. त्यातले काही आजही सातारा रस्त्याच्या आसपास दिसतात. कुणाला ते छोटं देऊळ वाटतं, कुणाला धुराडं. एकाला शेंदूर फासलेलाही मी पाहिला आहे. शहरात आलेलं पाणी वाड्यांत आणि सार्वजनिक हौदांत पडायचं. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं आज रिक्षावाल्याच्या तोंडी चौकांची म्हणून आहेत. त्या हौदांवर पाणी भरायला येणाऱ्या बायांची रांग लागायची हे ध्यानात आणून द्यावं लागतं.

पण रांगेत कोण उभं राहायचं? हा प्रश्न फेरीत विचारला गेला की वातावरण बदलतं. कात्रजचं पाणी उतारानं पेठांत आलं, तरी अस्पृश्य मानलेल्यांना या हौदांवर मज्जाव होता. १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. फुले वाड्यात जाऊन तो हौद पाहणं आणि आधी तासभर कात्रजच्या पाण्यामागून चालून मग तो पाहणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या वेळी आपण स्मारक पाहतो. दुसऱ्या वेळी त्या कृतीचं वजन कळतं, कारण त्याआधी किती हौदांपाशी थांबून आलो ते पायांना आठवत असतं.

तिथून बुधवार पेठेत फरासखान्याजवळ या, की बाहुलीचा हौद. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या, आठवणीसाठी तो बांधला. ती १८७७मध्ये गेली, अवघी आठ वर्षांची. घोले फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला शिकवायला घेतलं ते नातलगांना खपलं नाही आणि कुणीतरी तिला काचा कुटून खायला घातल्या, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, बापानं हौदावर जी मूर्ती बसवली ती पुस्तक वाचणाऱ्या मुलीची होती. लोक तिला बाहुली म्हणू लागले. समोरून रोज हजारो दुचाक्या जातात. घोले रोडवर राहणाऱ्यांनासुद्धा तो रस्ता कोणाच्या नावाचा हे या हौदापाशी आल्यावर उमगलेलं मी पाहिलं आहे.

पाण्याची ही वाट गतकाळाच्या गप्पांपुरती नाही. सदाशिव पेठेसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या तेव्हा आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला गेला होता. हा ओढा कात्रजच्या बाजूनंच येतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याला असा लोंढा आला की काठच्या वस्त्यांत माणसं दगावली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी स्वारगेटजवळ मेट्रोच्या खोदाईत जमिनीखाली जुना बोगदा लागला आणि तो कोणत्या काळातल्या पाणीपुरवठ्याचा यावर पुण्याच्या रिवाजाप्रमाणे वाद झाला. शहराच्या पोटात काय आहे, पाणी कुठून यायचं, कुठे जायचं, हे ठाऊक असलेले नागरिक जितके जास्त तितकं नाल्यावर स्लॅब टाकणाऱ्याला अवघड जाईल. म्हणून मी म्हणेन की हौदांची फेरी शाळेच्या सहलीत घाला. शनिवारवाडा पोरं कसाही पाहतातच.

आता वाड्यांकडे येऊ. या पुस्तकाचा निम्मा भाग वाड्यांवर आहे आणि खरं दुखणंही तिथेच.

वाडा म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये वीटकाम, आत एक किंवा अधिक चौक, वर मंगलोरी कौलं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर केवढं ते खणांत मोजायचं. रस्त्याकडे तोंड असलेला मोठा दरवाजा आणि त्यातली दिंडी. हे वर्णन पुस्तकी झालं. आज पेठेत उभा असलेला वाडा वेगळाच असतो. पुढच्या भागात झेरॉक्सचं दुकान, जिन्याखाली शिकवणीची पाटी, ओसरीवर पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडं, चौकात पाच दुचाक्या आणि एक तुळस. मालक चार भावांत वाटला गेलेला, त्यातले दोघं परदेशी. भाडेकरू तिसऱ्या पिढीतले. भाडं? १९४७च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली. १९९९चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय झाली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे! सागवानाची एक तुळई बदलायची तर किती पिढ्यांचं भाडं साठवावं लागेल, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. मालक दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही, आणि भाडेकरूही करत नाही कारण घर त्याचं नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, आणि नोटीस आली की बिल्डरचा माणूस पाठोपाठ येतो.

यात खलनायक शोधू नये. मी स्वतः वाड्यात वाढलो. सार्वजनिक संडासासमोर सकाळी बादली घेऊन रांग लावण्यात काय काव्य आहे ते ज्यानं लावली त्याला विचारा. वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या बाईला संस्कृतीचे धडे देणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे चिखलात बसले, आणि सोसायट्यांचं पुणे सुरू झालं. त्या लोकांना नॉस्टॅल्जियाची चैन परवडणारी नव्हती.

यादी आहे. महापालिकेच्या यादीत अडीचशेच्या आसपास वास्तू आहेत, पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी लावलेल्या. या प्रकारचे नियम देशात प्रथम मुंबईत १९९५ साली झाले, मग इतर शहरांनी गिरवले. यादीमुळे पाडणं लांबतं, काही वेळा टळतंही. पण यादीनं पागोळ्या थांबत नाहीत. घरावर दुसऱ्या श्रेणीचा शिक्का बसला म्हणून कपाळावर हात मारून घेणारे मालक मला भेटले आहेत. त्यांचं गाऱ्हाणं एवढंच: पाडू देत नाही, मग सावरायला तरी मदत करा.

आणि कधी कधी जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांनाच पाडण्याचा आग्रह धरावा लागतो. दगडूशेठ गणपतीच्या समोरचा भिडे वाडा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. ही जागा वर्षानुवर्षं दुकानं आणि खटले यांत अडकून पडली होती. छप्पर गेलं, भिंती फुगल्या. न्यायालयाचा निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३मध्ये महापालिकेनं वाडा उतरवला, तिथे राष्ट्रीय स्मारक होणार म्हणून. ज्यांनी स्मारकासाठी आंदोलनं केली त्यांचा आनंद खरा होता. पण जी इमारत तीस-चाळीस वर्षांपूर्वी सावरता आली असती तिची आठवण आता नव्या इमारतीत ठेवावी लागणार, हेही खरंच आहे. फेऱ्या त्या वाड्यासमोर बरीच वर्षं थांबत होत्या. मीही थांबलो आहे. माहिती ऐकली, हळहळलो, पुढे मंडईकडे निघालो.

इथे मला या कार्यक्रमांविषयी जे म्हणायचं आहे त्यावर येतो. पाहून हळहळणं ही पहिली पायरी झाली, आणि पुणं त्या पायरीवर बराच वेळ रेंगाळलं आहे. पूर्वी ऐकून हळहळत होतो, आता चालून हळहळतो. फेरीत माणसं किती आली यावर तिचं यश मोजायची पद्धत पडली आहे. माझं माप वेगळं आहे. फेरी गेल्यावर त्या वाड्यात काय झालं? निदान कौलं चाळली गेली का? ज्यांच्या घरात आपण घुसलो त्यांना त्यातून काय मिळालं?

मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाकडे पाहा. १९९८मध्ये असोसिएशन स्थापन झाली, १९९९मध्ये पहिला महोत्सव भरला. पुणेकर त्याला हसतात. फेब्रुवारीतली जत्रा, सेल्फी, महागडी कॉफी. हसा. पण त्या जत्रेमागे पहिल्यापासून एक साधा विचार होता, की उभा राहिलेला पैसा त्याच परिसराच्या दुरुस्तीला आणि निगराणीला जावा, आणि तो गेलाही. पुढे २०१८ला ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यामागे तिथल्या रहिवासी संघटनांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. आपल्या बाल्कनीची नक्षी जगाच्या कामाची आहे हे आधी त्या बाल्कनीत चहा पिणाऱ्याला पटावं लागतं.

आपल्याकडे कौतुक किल्ल्यांच्या वाट्याला येतं. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, राजगड, शिवनेरी, लोहगड हे पुण्याच्या अंगणातले त्यात आहेत. फटाके वाजले ते योग्यच झालं. पण या किल्ल्यांवर फारसं कोणी राहत नाही. वाड्यात राहतात, म्हणून वाडा जपणं अवघड, आणि म्हणून ते जास्त मोलाचं.

अशात पाहिलेला एक कार्यक्रम मनात घर करून आहे. शनिवार पेठेतला एक वाडा, नाव सांगत नाही, कारण तिथल्या मंडळींना वर्दळ नको आहे. वारसा सप्ताहात नेहमीची फेरी आणण्याऐवजी तिथल्या रहिवाशांनीच चौकात सतरंजी घातली आणि घरातले कागद मांडले. मिळकत कराच्या जुन्या पावत्या, बॅंकेचं विरलेलं खातेपुस्तक, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, एका काकांनी जपून ठेवलेला पानशेतनंतरच्या पंचनाम्याचा कागद. त्यावर वाहून गेलेल्या वस्तूंची यादी: पितळी घंगाळ एक, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, गाद्या चार. बाहेरून आलेली कॉलेजातली मुलं त्या यादीभोवती जितका वेळ उकिडवी बसली तितका वेळ मी त्यांना कुठल्याही मोडी कागदापाशी बसलेलं पाहिलं नाही. वरच्या सज्ज्यातून एक आजी एकेका वस्तूचा पत्ता सांगत होत्या. घंगाळ कुठल्या कोपऱ्यात असायचं, शिवणयंत्रावर कोण बसायचं. शिवणयंत्र परत मिळालं का, असं एका मुलीनं विचारलं. “चाक मिळालं,” आजी म्हणाल्या.

दुपारी त्याच चौकात चुन्याचं काम दाखवलं गेलं. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो कसा उसळतो, मग तो कितीतरी दिवस मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत दळायचा, त्यात गूळ नि बेलफळाचं पाणी घालायचं. गवंडीदादा मूळचे सोलापूरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा छिन्नीनं उडवला आणि आतली वीट दाखवली. ती बोटानं दाबली तर पीठ होत होती. सिमेंट ओल बाहेर येऊ देत नाही, ती आत कोंडते आणि जुनी वीट सडवते. वरच्या बाजूला तुळईचं भिंतीत गेलेलं टोक त्यांनी ठोकून ऐकवलं, पोकळ आवाज आला. “आख्खी तुळई बदलायची गरज नाही, टोक कापून नवं लाकूड सांधता येतं,” ते म्हणाले. मालकांपैकी एक जण मागे उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच खर्च विचारला. इतकी वर्षं त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं की वाडा गेला, काही होणार नाही.

त्या वाड्याचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि एका चौकातल्या एका दुपारवर धोरण उभं राहत नाही. पण त्या दिवशी वाड्याविषयी बोलणारा, वाड्यात राहणारा आणि वाडा दुरुस्त करू शकणारा, ही तिन्ही माणसं एका जागी आली होती. आपल्या दीडशे वर्षांच्या इतिहासप्रेमात हे क्वचितच घडलं आहे. व्याख्यानाला पहिला येतो, फेरीत दुसऱ्याचा दरवाजा दिसतो, तिसऱ्याला तर कोणी बोलावतच नाही. चुन्याचं काम येणारे गवंडी आणि जुन्या लाकडाला हात घालू शकणारे सुतार आता शोधावे लागतात. विश्रामबागवाड्यासारखी कामं निघाली तेव्हा अशा कारागिरांची किंमत कळली. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला, सुरूच्या खांबांचा तो देखणा दर्शनी भाग आज आपण पाहू शकतो तो त्यांच्यामुळे. तिथेच १८२१मध्ये संस्कृत पाठशाळा भरली, १८७९च्या आगीत वाड्याचा भाग जळाला, पुढे कचेऱ्या आल्या, टपाल आलं. वापर बदलत राहिला म्हणूनच वाडा टिकला, असं मला वाटतं. कुलूप लावून जपलेली इमारत पुण्याच्या पावसात दहा वर्षं काढत नाही.

पुस्तकातली काही प्रकरणं उत्साहाच्या भरात सैल झाली आहेत. ‘वैभवशाली’ हा शब्द संपादकांनी अजून चाळीसेक ठिकाणी कापायला हवा होता. भुयारं शनिवारवाड्यातून पर्वतीला जातात, ही कथा पुन्हा एकदा आली आहे. तिला पुण्यात मरण नाही. लष्कर आणि पूर्वेकडच्या पेठांना, नाना, भवानी, गंज, यांना मिळालेली पानं कमी पडतात. तिथला व्यापार, तालमी, मशिदी, चर्चं यांच्यावर कोणीतरी सवडीनं लिहायला हवं. पण तांबट आळीचं प्रकरण त्याची बरीच भरपाई करतं. ठोक्यांचा आवाज ऐकत ऐकत लिहिल्यासारखं ते उतरलं आहे.

हे पुस्तक घेऊन फिरायला निघणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. मंडईचा भाग सकाळी लवकर उरका, नऊनंतर टेम्पोंच्या गर्दीत मान वर करून मनोरा पाहणं जिवावरचं काम आहे. गणपतीच्या दिवसांत या मार्गांच्या नादी लागू नका. कात्रजचे उच्छ्वास शोधायला चारचाकी नको, पार्किंगमध्येच सकाळ जाईल. वाड्यात शिरण्याआधी हाक मारा. दार उघडं दिसलं तरी ते कोणाचं तरी घर आहे. आत गेलात तर फोटो विचारून काढा आणि एक तरी प्रत छापून नेऊन द्या, पेठेत अजून कागदावरच्या फोटोचं अप्रूप आहे. चौकात बसलेलं कोणी बोलायला लागलं तर मार्ग सोडून द्या आणि ऐका. पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत ती त्यासाठीच. आणि त्या घरात गळतंय कुठे, तेही त्याच पानांवर टिपून आणा. पुढच्या आवृत्तीत त्याची वेगळी यादी घालायचं संपादकांनी माझ्याकडे कबूल केलं आहे.